बाइट की ऑब्जेक्ट? स्ट्रीम हाताळताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी जिनिंगसाठी आणि धान्याच्या गोदामांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. संध्याकाळी काही मुलंमुली प्रोग्रामिंग शिकायला येतात. गेल्या काही हंगामांत त्यांनी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते इथे उत्तरांसह लिहून ठेवले आहेत. उदाहरणं वजनकाट्यावरची आणि कापसाची आहेत, कारण आमचा डेटा तिथूनच येतो.

स्ट्रीममध्ये बाइट वाहतात म्हणजे काय, आणि ऑब्जेक्ट वाहतात म्हणजे काय?

जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी झाली की रुई सैल पडत जाते. त्या ढिगाकडे पाहून यातली कोणत्या शेतकऱ्याची, कोणत्या दिवशीची, हे सांगता येत नाही. ढीग कुठूनही हाताने तोडा, तुटतो. तीच रुई प्रेसमधून साधारण १७० किलोची गाठ होऊन निघाली, तिच्यावर नंबर पडला, की ती मोजता येते, उचलता येते, ट्रकमध्ये चढवता येते. अर्धी गाठ कोणी पाठवत नाही.

बाइटची स्ट्रीम म्हणजे सैल रुई. ० ते २५५ मधले आकडे एकामागून एक येत राहतात. त्यांच्या क्रमाची हमी असते, पण एक नोंद कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली याची खूण त्या वाहण्यात नसते. ऑब्जेक्टची स्ट्रीम म्हणजे गाठी. तिच्यातून येणारी प्रत्येक वस्तू पूर्ण असते: गाडी क्रमांक, वजन, वेळ, सगळं एकत्र.

सीरियल पोर्ट, फाइल, नेटवर्क यांतून नेहमी बाइटच येतात. ऑब्जेक्ट फक्त तुमच्या प्रोग्रामच्या आत असतात. म्हणजे कुठेतरी एक प्रेस बसवावाच लागतो. तो कुठे बसवायचा आणि कसा, याभोवतीच खालचे बहुतेक प्रश्न फिरतात.

मी वाचलेला प्रत्येक तुकडा म्हणजे एक नोंद, असं धरून चाललं तर काय बिघडतं?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

एका जिनिंगच्या काट्यावर मी लिहिलेला प्रोग्राम बसवला होता. काट्याचा इंडिकेटर वजनाचे आकडे सीरियल केबलने कम्प्युटरला पाठवत असे. गाडी ६४२० किलोची असली, तर अधिकचं चिन्ह, मग सहा अंक, मग ओळ संपल्याच्या दोन खुणा. बाइटमध्ये ते असं दिसतं:

४३ ४८ ४८ ५४ ५२ ५० ४८ १३ १०

४३ म्हणजे अधिकचं चिन्ह, ४८ म्हणजे शून्य, ५४ म्हणजे सहा, ५२ म्हणजे चार, ५० म्हणजे दोन. शेवटचे १३ आणि १० म्हणजे ओळीचा शेवट. एकूण नऊ बाइट.

माझ्या टेबलावर प्रत्येक वेळी हे नऊच्या नऊ बाइट एकत्र हातात येत. मी धरून चाललो की तुकडा आला म्हणजे वजन आलं. तुकड्याचा आकडा करायचा आणि साठवायचा. काट्यावर बसवल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी काटेवाल्या काकांचा फोन आला: "भाऊ, काट्यावर तं बरोबर दिसते, तुमच्या कम्प्युटरातच कमी काहून येते?"

जाऊन पाहिलं. पहिला तुकडा आला होता ४३ ४८ ४८ ५४ ५२ ५०, आणि दुसरा ४८ १३ १०. पहिल्या तुकड्याचा आकडा होतो ६४२. दुसऱ्याचा होतो शून्य. प्रोग्रामने बिनतक्रार ६४२ किलो लिहून टाकले. सेकंदाला ९६०० बिट या वेगाने चालणाऱ्या सीरियल लाइनवर एका बाइटला सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० बाइट. नऊ बाइट यायला जवळपास नऊ मिलिसेकंद जातात. एवढ्या वेळात ऑपरेटिंग सिस्टिमने मध्येच "आतापर्यंत आलेलं घ्या" म्हणून सहा बाइट हाती दिले, तर त्यात तिची काहीच चूक नाही. तिने नऊ बाइट एकत्र देईन असं वचन कधी दिलंच नव्हतं.

त्या दिवशी सुदैवाने काकांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि पावती हाती देण्याआधी थांबवली. भरल्या गाडीचं वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन, त्यावर शेतकऱ्याचे पैसे ठरतात. वर्षभर पऱ्हाटीत राबलेल्या माणसाच्या पावतीवर एक अंक गळणं ही माझ्या दृष्टीने छोटी चूक नाही. तेव्हापासून शिकवताना पहिलं वाक्य हेच सांगतो: तुकडा म्हणजे नोंद नव्हे. एका तुकड्यात अर्धी नोंद असू शकते, तीन नोंदी असू शकतात, किंवा एकीची शेपटी आणि दुसरीचं डोकं असू शकतं.

उपाय साधा आहे. आलेले बाइट एका बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात, जोडत जा. बफरमध्ये १० हा बाइट सापडला, तर तिथपर्यंतचा भाग कापून घ्या, ती एक ओळ. उरलेला भाग फेकू नका, तो पुढच्या ओळीची सुरुवात आहे. कापलेली ओळ अधिकचं चिन्ह आणि बरोबर सहा अंक अशी आहे ना, हे तपासा. तशी असेल तरच तिचा ऑब्जेक्ट करा. तपासणी यासाठी की प्रोग्राम सुरू होताना इंडिकेटर आधीच बोलत असतो आणि पहिली ओळ बहुतेक वेळा मधूनच हाती लागते.

नेटवर्कवर ही अडचण येत नाही ना? मी एकदा पाठवतो, पलीकडे एकदा वाचतो.

येते, आणि जास्त लपून येते. टीसीपी, म्हणजे इंटरनेटवर डेटा क्रमाने पोचवण्याची पद्धत, ही बाइटची स्ट्रीम आहे. १९८१ सालच्या तिच्या प्रमाण दस्तऐवजापासून ती तशीच आहे. तुम्ही दोनदा लिहिलंत तर पलीकडे एकाच वाचनात दोन्ही मिळू शकतात, एकदा लिहिलंत तर तीन वाचनांत मिळू शकतं. एकाच कम्प्युटरवर दोन्ही बाजू चालवून पाहिलं की सगळं छान जुळतं. गावातून मोबाइलच्या नेटवर नागपूरच्या सर्व्हरला जोडलं की तुटायला लागतं. तेव्हा "रेंजचा प्रॉब्लेम आहे" असं म्हणून लोक सोडून देतात. तपासायला गेलो की दहापैकी बऱ्याच वेळा नोंदीची सीमाच ठरवलेली नसते.

मग सीमा ठरवायची कशी? ओळीने की लांबीने?

मजकूर असेल तर ओळीने. डोळ्यांनी वाचता येतं, फाइल उघडून बिघाड शोधता येतो.

फोटो, बोटांचे ठसे, दाबलेल्या फाइल असं काही असेल तर लांबीने, कारण त्या बाइटांत १० हा आकडा कुठेही येऊ शकतो. आधी ठरावीक चार बाइटांत लांबी लिहायची, मग तेवढे बाइट. वाचणाऱ्याने आधी चार बाइट पूर्ण जमेपर्यंत थांबायचं (हे चारही तुटून येऊ शकतात, हे विसरू नका), मग लांबी जमेपर्यंत थांबायचं.

इथे एक खड्डा आहे. ३०० ही लांबी मोठा बाइट आधी लिहिला तर ० ० १ ४४ अशी जाते. पलीकडच्याने उलट्या क्रमाने वाचली तर तिचे होतात ७३,८२,६३,०४०. तो ७३ कोटी बाइटांची वाट पाहत बसतो आणि तुम्हाला वाटतं प्रोग्राम गोठला. नेटवर्कवर मोठा बाइट आधी ही रीत आहे. तीच पाळा आणि दोन्ही बाजूंच्या कागदावर लिहून ठेवा. आलेली लांबी तुमच्या सर्वांत मोठ्या नोंदीपेक्षा जास्त असेल, तर जोडणी तिथेच तोडा.

मराठी नावं मध्येच फुटतात. इंग्रजी नावं बरोबर येतात. असं का?

युटीएफ-८ ही अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत आहे. तिच्यात इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावतं. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. आणि चिन्ह म्हणजे आपण शाळेत शिकलो ते अक्षर नव्हे. काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण ही सगळी वेगळी चिन्हं आहेत. "वर्धा" हा शब्द घ्या. डोळ्यांना दोन अक्षरं दिसतात. आत पाच चिन्हं आहेत: व, र, पायमोड, ध, काना. म्हणजे पंधरा बाइट:

२२४ १६४ १८१, २२४ १६४ १७६, २२४ १६५ १४१, २२४ १६४ १६७, २२४ १६४ १९०

आता तुकडा सातव्या बाइटनंतर तुटला असं समजा. पहिल्या तुकड्यात व आणि र पूर्ण आले आणि शेवटी एकटा २२४ लटकत राहिला. दुसरा तुकडा १६५ ने सुरू झाला. दोन्ही तुकड्यांची तुम्ही वेगवेगळी स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) केलीत, तर लटकलेल्या बाइटांच्या जागी काळ्या शंकरपाळ्यात पांढरं प्रश्नचिन्ह येतं. नंतर दोन्ही स्ट्रिंग जोडल्या तरी ते जात नाही, मूळ बाइट गेलेले असतात. इंग्रजी नाव कुठेही तोडलं तरी अक्षराच्या सीमेवरच तुटतं, म्हणून तिथे ही चूक दिसतच नाही. बाहेरच्या देशात लिहिलेलं कोड आपल्याकडे येऊन फुटतं ते बहुधा इथेच.

म्हणून नियम असा: आधी बाइट जोडा, ओळ पूर्ण होऊ द्या, मग स्ट्रिंग करा. १० हा बाइट देवनागरीच्या कोणत्याही चिन्हाच्या आत येत नाही, कारण तिथले सगळे बाइट १२८ किंवा त्याहून मोठे असतात. त्यामुळे बाइटमध्येच ओळ शोधणं पूर्ण सुरक्षित आहे. तुकड्या-तुकड्याने स्ट्रिंग करायचीच असेल, तर नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) यातला स्ट्रिंग डिकोडर किंवा पायथॉनमधला टप्प्याटप्प्याने उलगडणारा डिकोडर वापरा. तो अपुरे बाइट स्वतःजवळ धरून ठेवतो आणि पुढचा तुकडा आला की त्यांना जोडतो.

याच कारणाने "नावासाठी ३० बाइट" असा रकाना ठरवू नका. त्यात देवनागरीची दहाच चिन्हं मावतात. "हिंगणघाट" एवढ्याच नावाला २४ बाइट लागतात.

नोडमध्ये ऑब्जेक्ट मोड कधी चालू करायचा?

नोडची स्ट्रीम मुळात बाइटची बफरं आणि स्ट्रिंगच घेते. तिला ऑब्जेक्ट दिला की चुकीच्या प्रकाराचा तुकडा म्हणून ती एरर फेकते. ऑब्जेक्ट मोड चालू केला की कोणतीही जावास्क्रिप्ट किंमत चालते.

शिकणारी मुलं एरर घालवायला सगळीकडे ऑब्जेक्ट मोड लावतात. तसं करू नका. मधल्या ट्रान्सफॉर्म स्ट्रीमला दोन तोंडं असतात आणि दोन्हींचा मोड वेगळा ठेवता येतो. काट्याकडून घेणारं तोंड बाइटचं, पुढे देणारं तोंड ऑब्जेक्टचं. शेवटी फाइलमध्ये लिहिताना याच्या उलट. असं बांधलं की प्रोग्रामच्या आत जाणारं दार एक आणि बाहेर येणारं दार एक. बाइटचं ज्ञान त्या दोन दारांपाशीच राहतं. मधल्या कोडला वजन, गाडी, शेतकरी एवढंच दिसतं. इंडिकेटर बदलला तर एकच दार बदलायचं.

ऑब्जेक्ट मोडमध्ये स्ट्रीम मध्येच संपते, एररही येत नाही.

तुम्ही नल ढकलला असणार. नल म्हणजे "डेटा संपला" ही खूण, दोन्ही मोडमध्ये. एखाद्या ओळीत जेसनचा (डेटा मजकूर म्हणून लिहिण्याच्या पद्धतीचा) नुसता नल असला आणि तुम्ही तो पार्स करून तसाच पुढे ढकलला, तर स्ट्रीम तिथेच बंद होते. नल आला तर गाळा, किंवा त्याला एका ऑब्जेक्टमध्ये गुंडाळून पाठवा.

मेमरी भरते. स्ट्रीम वापरली की मेमरी वाचते असं ऐकलं होतं.

वाचते, पण थांबायला शिकवलं तरच. खरेदीच्या दिवसांत बाजार समितीच्या आवारात जागा संपली की फाटक बंद करतात आणि बंड्या-ट्रॅक्टर रस्त्यावर उभे राहतात. फाटकावरचा माणूस नसला तर आत चेंगराचेंगरी होते. स्ट्रीममध्ये ते काम हाय वॉटर मार्क, म्हणजे साठ्याची ठरवलेली मर्यादा, करतो. लिहिताना उत्तर "खोटं" असं आलं की थांबायचं आणि ड्रेन हा इव्हेंट आला की पुन्हा लिहायला लागायचं. उत्तर न बघता लिहीत राहिलात तर नोड अडवत नाही, सगळं मेमरीत साठवत जातो. हाताने हे सांभाळण्यापेक्षा पाइपलाइन हे फंक्शन वापरा. ते थांबणंही सांभाळतं आणि मध्ये काही तुटलं तर सगळ्या स्ट्रीम बंदही करतं.

आता बाइट आणि ऑब्जेक्टचा फरक. बाइटच्या स्ट्रीमची मर्यादा बाइटांत मोजतात: नोडच्या जुन्या आवृत्त्यांत १६ किलोबाइट, आवृत्ती २२ पासून ६४. ऑब्जेक्ट मोडमध्ये ती नगांत मोजतात: १६ नग. नग केवढा आहे हे स्ट्रीम बघत नाही. वजनाची नोंद असेल तर १६ नग म्हणजे काहीच नाही. प्रत्येक ऑब्जेक्टला पाच मेगाबाइटचा फोटो चिकटवलात तर एका टप्प्यावर ८० मेगाबाइट, आणि असे चार टप्पे असतील तर काट्याच्या खोलीतला जुना कम्प्युटर हँग होतो. मोठे ऑब्जेक्ट असतील तर मर्यादा दोन किंवा एकवर आणा. त्याहून चांगलं, ऑब्जेक्टमध्ये फोटोचा फक्त पत्ता ठेवा आणि फोटो बाइटच्या वेगळ्या स्ट्रीमने न्या.

फाइल नुसती इकडून तिकडे न्यायची असेल तर?

तर तिला बाइटच राहू द्या. स्ट्रिंगही करू नका. फोटोचे बाइट युटीएफ-८ समजून उलगडले आणि परत लिहिले, तर फोटो कायमचा बिघडतो. जीझिपने फाइल दाबायची असेल तरी तेच, बाइट आत आणि बाइट बाहेर.

जावामध्ये बाइट उणे का दिसतात?

जावाचा बाइट उणे १२८ ते १२७ असा असतो. म्हणून २२४ हा बाइट उणे ३२ दिसतो. बाइट तोच, वाचन वेगळं. याच्याशीच जोडलेली एक चूक पाहा: एकेक बाइट वाचणारी रीड मेथड संपल्यावर उणे एक देते आणि म्हणूनच ती बाइट न देता इंट देते. तुम्ही आधी तिला बाइटमध्ये कोंबलंत आणि मग उणे एकशी तुलना केलीत, तर २५५ हा खरा बाइटही उणे एक होतो आणि वाचन मध्येच थांबतं. आधी तुलना, मग रूपांतर. आणि अॅरेमध्ये वाचत असाल तर रीडने परत दिलेली संख्या बघा. अॅरे १०२४ चा आहे म्हणून १०२४ बाइट आले असं नसतं. उरलेल्या जागेत मागच्या वाचनाचा गाळ पडलेला असतो.

जावाची ऑब्जेक्ट स्ट्रीम किंवा पायथॉनचं पिकल आयतं आहे. तेच वापरलं तर?

दोन्ही ऑब्जेक्टचे थेट बाइट करून देतात आणि बाइटांतून परत ऑब्जेक्ट उभा करतात. स्वतःच्याच प्रोग्रामने लिहिलेली, स्वतःच्याच मशीनवरची फाइल असेल तर चालेल. बाहेरून आलेल्या डेटासाठी मी कोणालाही वापरू देत नाही. पिकल उलगडताना आत लिहिलेलं हवं ते कोड चालू शकतं, आणि पायथॉनच्या दस्तऐवजातच हा इशारा दिलेला आहे. जावातही अनोळखी बाइटांतून ऑब्जेक्ट उभा करणं याच कारणाने धोक्याचं आहे.

जावाच्या ऑब्जेक्ट आउटपुट स्ट्रीमची आणखी एक गोष्ट मुलांना चकवते. ती लिहिलेला प्रत्येक ऑब्जेक्ट लक्षात ठेवते. तोच ऑब्जेक्ट बदलून पुन्हा लिहिलात, तर ती नवीन वजन लिहीत नाही, "मघाचाच" एवढी खूण लिहिते, आणि पलीकडे जुनंच वजन पोचतं. वर दिवसभर चालणाऱ्या जोडणीत ते सगळे ऑब्जेक्ट मेमरीत अडकून राहतात. दर वेळी नवीन ऑब्जेक्ट करा आणि अधूनमधून रीसेट बोलवा.

मग साठवायला आणि पाठवायला तुम्ही काय वापरता?

एका ओळीत एक जेसन. स्ट्रिंगच्या आतली नवी ओळ जेसन उलट्या तिरक्या रेषेने लिहितो, म्हणून नीट लिहिलेल्या जेसनमध्ये खरा १० हा बाइट नोंदीच्या आत येत नाही आणि सीमा पक्की राहते. सगळ्या नोंदींची एकच मोठी यादी करून लिहिली, तर शेवटचा कंस येईपर्यंत साधा पार्सर एकही नोंद देत नाही.

आमच्याकडे याचा दुसरा फायदा जास्त मोलाचा आहे. लिहिता लिहिता लाइट गेली, तर बहुतेक वेळा शेवटची एकच ओळ अर्धी राहते. सुरू होताना ती अर्धी ओळ वेगळी काढायची, काटेवाल्याला दाखवायची, बाकीचा दिवस शाबूत असतो. मोठ्या यादीत तोच कंस गेला की पूर्ण फाइल पार्स होत नाही.

कमांड लाइनवरचे पाइप बाइटचे असतात की ऑब्जेक्टचे?

युनिक्सचे पाइप १९७३ पासून बाइटचेच आहेत. ओळ ही फक्त सगळ्यांनी पाळलेली रीत. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरशेलने २००६ मध्ये पाइपमधून ऑब्जेक्ट नेले. तिथे रकाने कापत बसावं लागत नाही, नावाने मागता येतात. पण ते त्या शेलच्या आतच. बाहेर पडताना पुन्हा बाइट.

माझा प्रोग्राम बरोबर आहे हे काट्यावर बसवण्याआधी कसं कळेल?

खऱ्या काट्याचे बाइट पाच मिनिटं फाइलमध्ये जसेच्या तसे पकडून आणा. मग तीच फाइल तुमच्या प्रोग्रामला तीन प्रकारे पाजा. एकदा सगळी एकाच तुकड्यात. एकदा प्रत्येक तुकडा एका बाइटचा. एकदा सात-सात बाइटांचे तुकडे करून, म्हणजे तोडणी दर वेळी नोंदीच्या वेगळ्या जागी पडेल. तिन्ही वेळा निघालेल्या नोंदींची यादी अक्षरशः सारखी यायला हवी. एकही नोंद कमी-जास्त असेल तर प्रोग्राम घेऊन काट्यावर जाऊ नका.

त्या फाइलमध्ये एक मराठी नावाची ओळ हाताने घाला, जोडाक्षराची. आणि शेवटच्या ओळीचे १३ आणि १० काढून टाका. स्ट्रीम संपली तेव्हा बफरमध्ये उरलेल्या त्या ओळीचं काय करायचं, हे तुमच्या कोडमध्ये लिहिलेलं असलं पाहिजे: वजन असेल तर मी ती अर्धवट समजून नोंदवत नाही, इंडिकेटर क्षणात पुन्हा पाठवतो, शेतकऱ्यांच्या यादीची फाइल असेल तर ती शेवटचा शेतकरी समजून घेतो, कारण नाहीतर यादीतल्या शेवटच्या माणसाचं नाव रोज गळतं.